छत्तीस मेगापिक्सेल

"एवढं मनगटच मोठं करून द्या," हिंदुराव थोरवत म्हणाले आणि काउंटरवर ठेवलेल्या फोटोवर त्यांनी बोट टेकवलं. "बाकीचं काय नगं. तोंड नगं, साडी नगं. एवढंच."

फोटो मी लगेच ओळखला. मीच काढलेला होता. त्यांच्या मुलीच्या, सारिकाच्या डोहाळजेवणातला. हिरवी साडी, डोक्यावर फुलांचा मुकुट, दंडात फुलांचे बाजूबंद, सजवलेल्या झोपाळ्यावर ती बसलेली आणि उजवा हात उंच करून दोरी धरलेली. हात वर गेल्यामुळं हिरव्या बांगड्या आणि मनगटावरचं फुलांचं कडं कोपराकडं घसरलं होतं. मनगट तेवढं उघडं होतं.

सारिका जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. आठव्या महिन्यात, सासरी, जिन्यावरून पडली असं तिकडून कळवलं होतं. बाळही वाचलं नाही. आमच्या सगळ्या पेठेला हे ठाऊक होतं. हिंदुराव दुकानाच्या पायऱ्या चढताना दिसले तेव्हा मला वाटलं, हार घालायला फोटो करून न्यायला आले असतील. चेहरा चांगला आलेला फोटो कुठला, तेही मी मनात ठरवून टाकलं होतं.

"मनगट कशाला, मामा?" मी विचारलं.

हिंदुराव वीज मंडळातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले. सगळी नोकरी खांबावर चढण्यात गेलेला माणूस, पण त्या दिवशी माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसायला त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"सुधाकरराव, तुमच्यापासनं काय लपवायचं," ते म्हणाले. "सारिकाची आई म्हणती, डोहाळजेवणाला पोरीला फुलं बांधताना तिनं मनगटावर वळ बघितलं. बोटांचं. तवा तिनं विचारलं, तर पोरगी म्हणली, बांगड्या भरताना कासारानं हात दाबला. झालं, तितंच मिटलं. आता हिनं परत धरून ठेवलंय. पोलिसांस्नी सांगितलं. त्यांनी विचारलं, आधी कधी तक्रार केली हुती का? काय पुरावा? हिचं एकच, मी बघितलं. दिवसरात तेच चाललंय. जेवत न्हाई, झोपत न्हाई. भावकीतली माणसं म्हणाय लागली, डोक्यावर परिणाम झालाय, मिरजंच्या डॉक्टरला दावा."

"मग फोटो…"

"पोरीच्या सामानातनं परत आलेला हा फोटू हिच्या कपाटात हुता. रोज काढून बघती. म्हणती, बारीक हाय म्हणून दिसंना. मी म्हणलं, आपन मोठा करून आणू. मोठ्ठा. मग बघ म्हणावं, काय न्हाई."

शेवटचे दोन शब्द त्यांनी घाईनं उच्चारले. वळ आहेत का ते बघायला हे आलेलेच नाहीत, वळ नाहीत हे बघायला आलेत, हे मला तेव्हाच कळलं. का, ते मात्र कळलं नाही.

तो कॅमेरा घेऊन मला वर्षही झालं नव्हतं. छत्तीस मेगापिक्सेल. कराडात तसा दुसरा नव्हता, आणि नव्हता हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे. नवरीच्या पापणीचा एकेक केस मोजून दाखवायचा, तिच्या नथीच्या मोत्यात उमटलेली माझीच छबी मोठी करून दाखवायची, हा माझा आवडता खेळ. ज्यांच्या हाताखाली मी धंदा शिकलो ते नाना शेवाळे मला हसायचे. त्यांचा कॅमेरा सहा मेगापिक्सेलचा, दहा वर्षं जुना, पट्ट्याला चिकटपट्टी लावलेला. "अरे, लोक अल्बम मांडीवर घेऊन बघतात, दुर्बिणीतनं नाही बघत," नाना म्हणायचे. "अल्बमला सहा मेगापिक्सेल रग्गड झाले. वरचे तीस तू कुणासाठी काढतोस?"

"ज्याला बघायचंय त्याच्यासाठी," मी म्हणायचो. असली टाळीची वाक्यं मारायची मला तेव्हा फार हौस होती.

तर मी कॉम्प्युटर चालू केला, डोहाळजेवणाची सीडी घातली आणि तो फोटो उघडला. शंभर टक्के केला, दोनशे केला. सारिकाचं मनगट सगळ्या पडद्यावर पसरलं. दोरीचे धागे दिसत होते, हातावरची बारीक लव दिसत होती, निशिगंधाच्या एका पाकळीवरचा मुंगळासुद्धा दिसत होता. कातडी गोरीपान, स्वच्छ.

हिंदुराव पुढं झुकले. चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि नाक पडद्याला टेकेल इतके जवळ गेले.

"काय न्हाई," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "काय न्हाई ना?"

"दिसत तर नाही," मी म्हणालो.

त्यांनी लांब श्वास सोडला. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण चेहरा सैल झाला होता. माणसाचा चेहरा इतका चटकन बदललेला मी फार वेळा पाहिलेला नाही. "लई उपकार झालं," ते म्हणाले. "छापून द्या. आसंल तेवढा मोठा द्या."

मी बारा बाय अठराचा प्रिंट काढला. कडा कापताना पट्टी सरकली आणि प्रिंट वाकडा कापला गेला, म्हणून दुसरा काढला. तोही धड कापता येईना. शेवटी तसाच गुंडाळून दिला. हिंदुराव गुंडाळी छातीशी धरून पायऱ्या उतरून गेले. मी शटर अर्धं ओढलं आणि दुपारी घरी जेवायला गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला दोघंही आली. सारिकाची आई शालनमावशी पुढं, हिंदुराव मागं. मावशी एवढ्या वाळल्या होत्या की ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. डोहाळजेवणाच्या दिवशी हीच बाई मला ताट वाढून देताना म्हणाली होती, "फोटू मागनं काढा, आधी खीर खावा. उपाशी माणसाचा कॅमेरा हलतो." त्या दिवशी सगळा मांडव त्यांच्या बोलण्यानं हसत होता.

"सुधाकरराव, हिला सांगा," हिंदुराव दारातूनच म्हणाले. "मी दोन दिस सांगतोय. ऐकतच न्हाई. उद्या मिरजंला न्यायची ठरलीया. त्याआधी एकदा तुमच्या तोंडनं ऐकायचं म्हणती."

मावशींनी गुंडाळी काउंटरवर उलगडली. प्रिंटचे कोपरे परत परत वळत होते, म्हणून त्यांनी एका बाजूला माझा स्टेपलर ठेवला आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचा हात.

"दादा," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचा कॅमेरा लई भारी हाय म्हणं. ह्यांनी सांगितलं, अंगावरचं केस बी दिसत्यात."

"हो मावशी."

"मुंगळा बी दिसतोय. मी बघितला." त्यांनी प्रिंटवर बोट ठेवलं. "मग हितला तीळ कुठं गेला?"

"कसला तीळ?" हिंदुराव म्हणाले.

"तुमाला काय म्हाईत. तुमी कधी न्हाऊ घातलंय तिला? हितं, मनगटाच्या हाडाच्या खाली, तीळ हुता तिला. जलमापासनं. बारशाला सुईणीनं सांगितलं हुतं, हाताला तीळ हाय, पोरगी सुगरण हुईल." त्या माझ्याकडं बघत होत्या, नवऱ्याकडं नाही. "मला वेड लागलं आसंल तर लागू द्या. वळ मला भास झालं आसतील. पर तीळ तर मला भास न्हाई झाला, दादा. वीस वरसं मी तो बघितलाय. मुंगळा दिसतोय, आनि माझ्या लेकीचा तीळ दिसत न्हाई. आसं कसं?"

मला खोटं बोलता आलं असतं. उजेड तसा पडला होता, रंग उडालाय, प्रिंटर खराब आहे, असली दहा कारणं आमच्या तोंडात तयारच असतात. हिंदुराव माझ्याकडं आशेनं बघत होते, तसलं एखादं कारण मी द्यावं म्हणून. मी दिलं असतं तर त्यांनी ते माझ्या हातातून झेलून घेतलं असतं. शालनमावशी दुसऱ्या दिवशी मिरजेला गेल्या असत्या, झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या, आणि पुढं कधी तरी त्यांनी स्वतःच कबूल केलं असतं की आपल्याला काही दिसलं नव्हतं.

"तीळ मी पुसला," मी म्हणालो. "तिथंच वळ होते. ते पुसताना तोही गेला."

बाहेर कल्हईवाला ओरडत गेला.

हे कसं झालं ते मी त्यांना सांगितलं, जसं आता सांगतोय. आमच्या धंद्यात फोटो काढणं हे अर्धंच काम. उरलेलं कॉम्प्युटरवर. नवरीचे मुरूम काढा, वरमाईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढा, घामाचे डाग, पदराची सेफ्टी पिन, भिंतीवरची पाल, सगळं काढा. इतकी सवय होते की फोटो उघडला की हात आपोआप डागाकडं जातो. आजवर एकाही गिऱ्हाइकानं माझा डाग परत द्या म्हणून तक्रार केलेली नव्हती. जेवढे मेगापिक्सेल जास्त तेवढे डाग जास्त. नानांच्या फोटोत जे दिसायचंच नाही ते मला पुसत बसावं लागायचं, आणि ह्याचाही मला अभिमान होता.

सारिकाचा झोपाळ्यावरचा फोटो मी असाच उघडला. चेहरा केला, गळा केला, मग हाताकडं आलो. मनगटावर वळ होते. मोठं करून बघितलं. बोटांचे आहेत हे न कळायला मी काही लहान नव्हतो. एका हातानं दुसऱ्याचं मनगट पिरगाळलं की कसं उमटतं ते मला कळलं. आणि मी मनातल्या मनात म्हणालो, कासारानं बांगड्या भरताना दाबलं असेल. हे मला कोणी सुचवलंही नव्हतं. माझं मीच शोधून काढलं, आणि ब्रश फिरवला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"कासार हात दाबतो," शालनमावशी म्हणाल्या. "बोटांची हाडं दाबून बांगडी चढीवतो. मनगट कशाला दाबंल?" हे त्या मला म्हणत नव्हत्या. नवऱ्याला म्हणत होत्या, पण त्यांच्याकडं न बघता.

हिंदुराव उभे राहिले होते. "परवा तुमी म्हणलात, काय न्हाई."

"खोटं बोललो, मामा."

मला वाटलं, ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांचा आवाज उलट खाली गेला. "मग मूळचा काढा. पुसायच्या आधीचा. आसंल की तुमच्याकडं."

नव्हता. ही गोष्ट सांगताना मला त्या दिवशी जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही. त्या कॅमेऱ्याची एकेक फाइल एवढी अवजड की दोन लग्नं झाली की कॉम्प्युटर भरायचा. म्हणून अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात पडला की मी मूळ फायली उडवून टाकत असे आणि साफ केलेले फोटो तेवढे सीडीवर ठेवत असे. नाना शेवाळ्यांकडं दहा वर्षांपूर्वीच्या बारशांचे मूळ फोटोसुद्धा शाबूत होते, कारण त्यांची फाइल चिमूटभर. माझ्याकडं दीड महिन्यापूर्वीचंही काही शिल्लक नव्हतं.

हिंदुरावांनी ते ऐकून घेतलं. कळलं त्यांना. तारांमध्ये आयुष्य गेलेला माणूस, यंत्राचं बोलणं त्यांना नवीन नव्हतं. मग ते म्हणाले, "पुसता येतंय, तर परत काढता बी येत आसंल."

"म्हणजे?"

"तुमाला ठावं हाय कसं हुतं ते. तसंच काढा. मी नेऊन पोलिसांच्या टेबलावर टाकतो."

"मामा, ते खोटं होईल."

"आनि पुसलेलं खरं हुतं व्हय?"

मी म्हणालो, की असला फोटो पकडायला वेळ लागत नाही, वकील पहिल्यांदा मूळ फाइल मागेल, आणि केस उभी राहायची ती उलट तुमच्यावरच उलटेल. मी येतो, जबाब देतो, जे बघितलं आणि जे केलं ते सगळं लिहून देतो. बोलत होतो ते खरं होतं. पण ते पुरेसं नाही हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

"पोलिसांचं ऱ्हाऊ द्या," शालनमावशी म्हणाल्या. "मला दावा."

"काय दाखवू?"

"कसं हुतं ते. मला बघायचंय. मी बघितलेलं आनि तुमी बघितलेलं एकच हाय का, तेवढं मला कळू द्या. मग मिरजंला न्या न्हाईतर कुठं बी न्या."

मी त्यांना खुर्ची दिली, माझ्या शेजारी, कॉम्प्युटरसमोर. हिंदुराव मागं उभे राहिले. फोटो उघडला, मनगट मोठं केलं. ज्या ब्रशनं पुसलं होतं तोच ब्रश घेतला आणि त्याला करडा-निळा रंग दिला.

"आधी तीळ काढा," मावशी म्हणाल्या.

मी काढला. "जरा खाली," त्या म्हणाल्या. मी खाली घेतला. "हां."

मग पहिला वळ. रेघ वेडीवाकडी आली, पुसून परत काढली. दुसरा. तिसरा. मावशी पडद्याकडं टक लावून बघत होत्या, पापणी लवत नव्हती. चौथा काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "हा एवढा लांब न्हवता. करंगळीचा हुता. बारका." मला आठवलं, खरंच बारका होता. मी कमी केला.

मी माउस बाजूला करून हात पुसला. अजून एक राहिला होता. त्याबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. तो फोटोत अर्धाच दिसत होता, मनगटाच्या पार आतल्या कडेला, आणि मूळ फोटो शेजारी ठेवला असता तरी दुसऱ्या कुणाच्या लक्षात आला नसता.

शालनमावशींनी हात पुढं केला आणि पडद्यावर नेमकं तिथं बोट टेकवलं. "आनि हितं आंगठा," त्या म्हणाल्या.

मी अंगठा काढला.

त्या रडल्या नाहीत. खुर्चीत मागं टेकून बसल्या, आणि कितीतरी दिवसांनी पाठ टेकल्यासारखं त्यांचं अंग सैल झालं. "म्हंजे मी बघितलं हुतं," त्या म्हणाल्या. मग वळून नवऱ्याकडं बघितलं.

हिंदुराव माझ्या दुकानाच्या फरशीवर बसले. आधी गुडघ्यावर, मग मांडी घालून, मग डोकं भिंतीला लावून. माझ्या लायटिंगच्या छत्र्या तिथं उभ्या होत्या, त्यातली एक कलंडली, ती कुणी उचलली नाही.

"मीच सोडून आलो," ते म्हणाले. "पयलं बाळातपण म्हायेरात, ती कशाला जाणार हुती? पर दिराचं लगीन निघालं. तिकडनं फोनवर फोन. थोरली सून न्हाई तर लोक काय म्हणतील, आठ दिवसांसाठी पाठवा. मी शबुद दिला. शालन म्हणत हुती, नगं, पोरीच्या हाताला वळ हायेत. मी म्हणलं, बांगड्यांचं हाय ते. पोरगी सोता सांगती तर तुझं काय चाललंय." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मीच नेऊन सोडली वो. पिशवी बी मीच धरली हुती."

तेव्हा मला कळलं, परवा त्यांचा चेहरा कशानं सैल झाला होता. तीन आठवडे हा माणूस एकाच आशेवर जगत होता, की बायकोला भास झाला असावा. ती वेडी ठरली असती तर हे सुटले असते. आणि मी बारा बाय अठराचा कागद देऊन त्यांची सुटका करून टाकली होती. तीच मी आता परत काढून घेतली.

शालनमावशी उठल्या आणि जाऊन त्यांच्या शेजारी फरशीवर बसल्या. "आता उगी," त्या म्हणाल्या. "उगी ऱ्हावा." कुठलीही दुसरी बाई त्या घडीला जे बोलली असती, त्यातलं एक अक्षरही त्या बोलल्या नाहीत. त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. अर्धं त्या प्यायल्या, अर्धं हिंदुरावांना पाजलं.

फोटो बंद करताना कॉम्प्युटरनं विचारलं, केलेले बदल ठेवायचे का. मी मावशींकडं बघितलं. "नगं," त्या म्हणाल्या. "माझं झालं बघून." मी ठेवले नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगतो. मी जबाब दिला. सारिकाच्या सासरच्या तालुक्याला चार खेपा झाल्या. पोलीस ठाण्यातले साहेब चांगले होते, चहा पाजला, आणि मूळ फोटो नाही म्हटल्यावर पेन खाली ठेवलं, पण लिहून घेतलं. सहा वर्षांनी केस उभी राहिली. सासरच्यांच्या वकिलानं मला एवढंच विचारलं, "वळ पुसताना तुम्हाला संशय आला होता का?" मी म्हणालो, आला होता. "मग तुम्ही कुणाला सांगितलं का?" मी म्हणालो, नाही. "बरं," तो म्हणाला, आणि खाली बसला. पाच मिनिटंही लागली नाहीत. सगळे सुटले. हिंदुराव निकालाच्या आधीच गेले होते. शालनमावशी आहेत, मिरजेला त्यांना कधी कुणी नेलं नाही. कॅमेरा मी त्याच वर्षी देऊन टाकला. आता पासपोर्ट साइज आणि झेरॉक्स एवढंच करतो.

पण त्या दिवशी दुकानातून निघताना शालनमावशी पायरीवर थांबल्या. हिंदुरावांना त्यांनी दंडाला धरलं होतं.

"दादा, हा फोटू तिनं बघितला हुता का?"

"बघितला होता, मावशी. अल्बम न्यायला तीच आली होती."

"काय म्हणली?"

"छान झालाय म्हणाली."

मावशींनी मान हलवली. "तशीच बोलायची ती," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याला सांभाळत पायऱ्या उतरल्या.

मी खोटं सांगितलं नव्हतं. पण सगळंही सांगितलं नव्हतं. ते मी जबाबातही लिहिलेलं नाही, आणि हिंदुराव होते तोवर कुणापाशी बोलायचा प्रश्नच नव्हता.

ती सासरी निघाली त्याच दिवशी, स्टँडवर जाताना, अल्बम न्यायला आली. हिंदुराव रिक्षात बसून होते. सारिकानं काउंटरवर अल्बम उघडला, भराभरा पानं उलटली, आणि झोपाळ्याच्या फोटोपाशी थांबली. अल्बम उचलून डोळ्यांजवळ नेला. मग खाली ठेवला, उजव्या हातातल्या बांगड्या वर सारल्या आणि स्वतःचं मनगट बघितलं. आता तिथं फिकट पिवळट झाक तेवढी उरली होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"छान झालाय फोटो," ती म्हणाली.

आणि ती गेली नाही. अल्बम मिटलाही नाही. तशीच उभी राहिली, एक हात पोटावर, एक काउंटरवर. मी बघितलंय हे तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मला. काय झालं गं, एवढंच मला विचारायचं होतं. ती त्याचीच वाट बघत होती. हे मी आज नव्हे, तेव्हाच ओळखलं होतं.

"बारशालाही मलाच बोलवा," मी म्हणालो.

तरी ती जरा वेळ थांबली.

मग बाहेरून हिंदुरावांची हाक आली, "सारे, चल बाई लवकर, एसटी चुकंल." तिनं अल्बम मिटला, पिशवीत घातला आणि गेली.